ठिपके गेले, रोग गेला नाही: खाऱ्या पाण्याच्या माशांवर परजीवींचा उपचार, क्रमाने

पाचव्या-सहाव्या दिवशी माशाच्या अंगावरचे पांढरे ठिपके नाहीसे होतात, आणि आपण औषध थांबवतो. आठवड्याभरात ठिपके दुपटीने परततात. पणजी, मडगाव, फोंडा इथल्या माझ्या ओळखीच्या हौशी लोकांचे जितके मासे गेले, त्यातले निम्मे तरी या एका चुकीने गेले असतील. पहिल्या वर्षी माझेही पाच मासे असेच गेले. सहाव्या दिवशी मी त्यांना बरे समजून मोठ्या टाकीत सोडलं, आणि पंधराव्या दिवशी एकही उरला नव्हता.

म्हणून औषधाच्या नावाआधी क्रम पाठ करा. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करायचे.

## आधी एवढं समजून घ्या

पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, चार रूपांत जगतो. माशाच्या कातडीखाली तो साधारण ३ ते ७ दिवस खातो. आपल्याला दिसतो तो हा ठिपका. मग तो गळून खाली पडतो, दगडाला, वाळूला किंवा काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कोश करतो. कोशात त्याचे शे-दोनशे होतात. कोश फुटला की सूक्ष्म पोहणारे जीव बाहेर येतात आणि एक-दोन दिवसांत मासा शोधतात. नाही सापडला तर मरतात.

औषध फक्त या पोहणाऱ्या जीवांना मारतं. कातडीखालच्याला नाही, कोशातल्याला तर नाहीच. ठिपका गेला याचा अर्थ परजीवी खाली उतरून वाढायला बसला. उपचाराचे दिवस ठिपके मोजून ठरत नाहीत, ते याच चक्रावरून ठरतात.

## टप्पा १: सामान आजच जमवा

रोग दिसल्यावर सामान मागवलं तर ते येईपर्यंत मासा जातो. गोव्यात खाऱ्या पाण्याचं सामान बहुतेक बाहेरून मागवावं लागतं, आणि पावसाळ्यात पार्सल हमखास रेंगाळतं. घरात असायलाच हव्यात अशा वस्तू:

- ५० ते १०० लिटरची मोकळी काचेची टाकी. तळाला वाळू नको, दगड नको.
- स्पंज फिल्टर आणि एअर पंप. बॅटरीवर चालणारा एक पंप वेगळा.
- थर्मामीटर आणि हीटर. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपल्याकडेही पारा २०-२१ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा हीटर लागतोच.
- रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं उपकरण, आणि तो जुळवायचं ३५ पीपीटीचं द्रावण (पीपीटी म्हणजे हजार भागांत किती भाग मीठ).
- अमोनियाची चाचणी.
- तांब्याचं औषध आणि त्याच प्रकारचं तांबं मोजणारी चाचणी. हाना कंपनीचा हाय रेंज कॉपर चेकर असला तर उत्तम.
- कृत्रिम समुद्री मीठ, हवाबंद डब्यात. जूनमध्ये उघडी पिशवी आठवड्यात दगड होते.
- लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो, हार्डवेअरच्या दुकानातले. नवे घ्या.

या टाकीला वेगळी जाळी, वेगळी बादली, वेगळा पाइप. वस्तूंवर रंगीत टेप लावून ठेवा. मोठ्या टाकीतून आलेला ओला हातसुद्धा परजीवी घेऊन जातो.

पाण्याबद्दल: नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि विहिरीच्या पाण्यात काय काय आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही. आरओचं पाणी घ्या, त्यात मीठ कालवा आणि एक दिवस पंप लावून फिरू द्या. मिरामारहून कॅन भरून आणणारे माझे मित्र आहेत. उपचाराच्या टाकीसाठी मी त्यांना नेहमी नको म्हणतो. तिथे मांडवीचं मुख आहे. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी उतरतं आणि खारेपणा कोसळतो. शिवाय कच्च्या समुद्राच्या पाण्यातून नवे परजीवी आणायचे आणि त्यांच्यावरच उपचार करायचा, हे कशाला?

## टप्पा २: रोग ओळखा, मगच बाटली उघडा

इथे अर्धा तास घाला. काचेसमोर बसा, दिवे मंद करा आणि माशाचे कल्ले मिनिटात किती वेळा हलतात ते मोजून लिहा. निरोगी असतानाची नोंद आधीची असेल तर फार उपयोग होतो.

रव्यासारखे कण: सुटे, मोजता येतील असे पांढरे ठिपके, आधी परांवर आणि शेपटीवर. मासा दगडावर अंग घासतो. हा क्रिप्टोकॅरिऑन. वेळ असतो, पण फार नाही.

पिठीसारखी धूळ: बारीक, मोजता न येणारी, बाजूने टॉर्च मारला की सोनेरी-करडी चमकणारी. मासा धापा टाकतो, उजेड टाळतो, पॉवरहेडच्या, म्हणजे टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, प्रवाहासमोर उभा राहतो. हा व्हेलव्हेट, म्हणजे अमायलूडिनियम. हा दोन-तीन दिवसांत मारतो. आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे कित्येकदा अंगावर काही दिसण्याआधीच मासा जातो. जोराचा श्वास आणि प्रवाहासमोर उभं राहणं दिसलं तर धुळीची वाट पाहू नका.

सालपटं: अंगावरून चिकट पांढरा पदर सुटतो, विशेषतः नव्या निमोच्या, म्हणजे क्लाउनफिशच्या. हा ब्रुकलिनेला. यावर तांबं चालत नाही.

धुरकट डोळे, डोकं झटकणं, ठिपके नाहीत: बहुधा चपट्या कृमी, म्हणजे फ्लूक. खात्री गोड्या पाण्याच्या बुडीने होते. ती पुढे दिली आहे.

लाल जखमा, विशेषतः क्रोमिस माशाच्या अंगाच्या बाजूला: युरोनीमा हा परजीवी. याला माशाची गरज नसते, तो पाण्यातही जगतो. तांबं याच्यावर काम करत नाही.

आणि एक फसवा प्रकार: परांच्या कडेला फुलकोबीसारख्या गाठी. हा लिम्फोसिस्टिस, विषाणूचा आजार. त्यावर तांबं ओतणारे मी पाहिले आहेत. या गाठी चांगल्या पाण्यात आणि चांगल्या खाण्यावर बहुतेक वेळा आपोआप जातात. औषध मात्र माशाला नाहक झिजवतं.

> तपासा: एकाच माशाला रोग दिसतोय म्हणून बाकीचे निरोगी आहेत असं समजू नका. पाणी एकच आहे. उपचार सगळ्या माशांवर.

## टप्पा ३: मोठ्या टाकीत काहीही ओतू नका

सर्वात महागडी चूक हीच. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी यांना तांब्याचा अगदी थोडा अंशही मारतो. लाइव्ह रॉक (टाकीतले जिवाणू बसलेले दगड) आणि वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळे माशांना पुरेशी मात्रा कधीच मिळत नाही. पुढे तेच तांबं हळूहळू सुटत राहतं. ‘रीफ सेफ’, म्हणजे प्रवाळाला निर्धोक, असं लिहिलेल्या बाटल्यांवर मी पैसे घालवले आहेत. तुम्ही घालवू नका.

गोड्या पाण्याच्या टाकीतून इकडे आलेले लोक तापमान वाढवतात. तिथला उपाय इथे लागू नाही. उबदार पाण्यात या परजीवीचं चक्र वेगाने फिरतं आणि प्राणवायू कमी होतो. एप्रिल-मे मध्ये आपल्या टाक्या तशाही ३० अंशांकडे सरकतात, तेव्हाच साथ भडकते. लसूण, स्वच्छक कोळंबी, यूव्ही दिवा यांनी चक्र तुटत नाही. यूव्हीने पाण्यातले जीव थोडे कमी होतात, एवढंच.

## टप्पा ४: उपचाराची टाकी मांडा

1. टाकी घराच्या दुसऱ्या खोलीत ठेवा. व्हेलव्हेटचे जीव बारीक तुषारांबरोबर हवेतून जातात. वाऱ्याचा झोत असेल तर सुमारे ३ मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. छताचा पंखा चालू असलेल्या हॉलमध्ये दोन टाक्या शेजारी ठेवू नका.
2. खारेपणा आणि तापमान मोठ्या टाकीइतकंच. पहिल्या दिवशी माशाला दुसरा धक्का नको.
3. मोठ्या टाकीच्या संपमध्ये (तिला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) आधीपासून ठेवलेला स्पंज इथे लावा. त्यावर अमोनिया पचवणारे जिवाणू असतात. तांब्याचा उपचार करणार असाल तरच हा स्पंज चालेल. टाकी-बदल पद्धतीत (टप्पा ६, मार्ग आ) तो चालत नाही, कारण त्यावर कोश असू शकतात.
4. फिल्टरमधला कोळसा काढून टाका. तो औषध खातो.
5. खरं पाणी मोजा. लांबी ६० सेंमी, रुंदी ३०, पाण्याची उंची ३० असेल तर ५४ लिटर. टाकीवर छापलेल्या आकड्यावर मात्रा देऊ नका.

> इशारा: तांबं चालू असताना क्लोरीन किंवा अमोनिया ‘बांधणारी’ द्रव्यं टाकू नका. त्यांच्याशी संयोग होऊन तांबं माशांना जास्त विषारी होतं. अमोनिया वाढला तर पाणी बदलणं हाच उपाय.

## टप्पा ५: सगळे मासे एकाच दिवसात काढा

जाळी घेऊन दगडांत मासे हुसकत बसलात तर मासा दमून मरेल. पाणी स्वच्छ ड्रममध्ये काढा, दगड त्यात ठेवा, एक-तृतीयांश पाणी उरलं की मासे सहज हाती येतात. तासाभराचं काम आहे, दोघांनी करा.

एकही मासा मागे राहता कामा नये. दगडात दडलेला एक इवलासा गोबी पुढची सगळी मेहनत वाया घालवतो.

फ्लूकची शंका असेल किंवा व्हेलव्हेटने मासा गुदमरत असेल तर हलवताना गोड्या पाण्याची बुडी द्या. आरओचं पाणी, तापमान तेच, खाण्याच्या सोड्याने पीएच टाकीइतका केलेला, पंप आधी अर्धा तास चालू. पाच मिनिटं. मासा पहिल्या मिनिटाला आडवा पडला तरी घाबरू नका, पण हाताने हलवून हालचाल तपासत राहा. प्रतिसादच नसेल तर लगेच काढा. फ्लूक असतील तर पांढरे होऊन तळाला पडतात. काळं भांडं वापरा, म्हणजे दिसतील. या बुडीने आराम मिळतो, पूर्ण उपचार होत नाही.

## टप्पा ६: तीनपैकी एक मार्ग निवडा

### मार्ग अ: तांबं

क्रिप्टोकॅरिऑन आणि व्हेलव्हेट दोन्हींवर चालतं, म्हणून ओळख पक्की नसेल तर हाच मार्ग.

तांबं दोन प्रकारचं मिळतं. बांधलेलं, म्हणजे चिलेटेड, तांबं २.० ते २.५ पीपीएमवर (पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) काम करतं. क्युप्रामिनसारखं औषध ०.५ पीपीएमवर. या दोन आकड्यांची गल्लत झाली तर एकीकडे उपचार होत नाही, दुसरीकडे मासा मरतो. बाटलीवरचा प्रकार आणि चाचणीचा प्रकार जुळतो का, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चिलेटेड तांब्याचा माझा क्रम: पहिल्या दिवशी १.०, दुसऱ्या दिवशी १.५, तिसऱ्या दिवशी २.०, चौथ्या दिवशी २.२५. प्रत्येक वेळी औषध टाकल्यावर काही तासांनी मोजायचं. व्हेलव्हेट असेल तर चार दिवस थांबता येत नाही. एक-दोन दिवसांत २.० गाठावं लागतं.

दिवस मोजायला सुरुवात २.० गाठल्यापासून, आणि तिथून पूर्ण ३० दिवस. मध्ये एकदा जरी मात्रा खाली आली तर मोजणी पुन्हा एकपासून. वहीत रोजचा आकडा लिहा. मी सहाव्या दिवशी थांबलो होतो, त्या वेळी वही नव्हती.

पाणी बदलायची युक्ती: १५ लिटर काढायचं तर आत जाणाऱ्या १५ लिटरमध्ये आधीच तेवढंच तांबं मिसळून मोजून घ्या. साधं पाणी ओतून नंतर औषध टाकलं तर मधल्या तासांत मात्रा खाली जाते. वाफेने उडालेल्या पाण्याची भरपाई मात्र साध्या आरओ पाण्याने करायची, कारण तांबं वाफेबरोबर जात नाही. इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो आणि तांबं चढत जातं.

मासे खायचे थांबले तर तिथेच थांबा, मात्रा वाढवू नका. दोन दिवसांतही खाल्लं नाही तर थोडं पाणी बदलून मात्रा किमान पातळीवर आणा. सेंट्रोपायज जातीचे छोटे एंजल आणि मँडरिन नाजूक असतात. शार्क आणि रे यांना तांबं देऊच नका.

> इशारा, खास आपल्याकडचा: कुळागरात सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यामुळे मोरचूद बऱ्याच घरांत असतो. ‘तांबंच आहे ना’ म्हणून तो टाकीत टाकू नका. मोरचुदात जेमतेम चौथा हिस्सा तांबं असतं. १०० लिटर पाण्यात ०.२ पीपीएम तांब्यासाठी तो सुमारे ८० मिलिग्रॅम लागतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एवढं वजन दिसतसुद्धा नाही. शेतीच्या मालात आणखी काय मिसळलेलं असतं तेही आपल्या हातात नाही.

### मार्ग आ: टाकी-बदल

फक्त क्रिप्टोकॅरिऑनसाठी, औषधाशिवाय. नाजूक माशांसाठी मला हाच आवडतो, पण यात घड्याळ चुकवून चालत नाही. परजीवी गळून कोश करतो, आणि तो फुटायला किमान तीन दिवस लागतात. त्याआधी मासा नव्या टाकीत गेला की कोश मागेच राहतात.

पहिल्या दिवशी मासा पहिल्या टाकीत. मग चौथ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी नव्या टाकीत. शेवटचा बदल तेराव्या दिवशी. दोन बदलांमध्ये ७२ तासांहून जास्त कधीही नको. ७० तास चालतील, ७५ नाहीत. माशाबरोबर जुनं पाणी जवळजवळ जाऊ नये. खारेपणा आणि तापमान दर वेळी तंतोतंत जुळवा.

रिकामी टाकी, पंपाची नळी, एल्बो, सगळं धुऊन पूर्ण कोरडं करायचं. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. जुलैत मात्र गोव्यात काहीच वाळत नाही. तीन दिवसांनीही स्पंज आतून ओला सापडतो. पावसाळ्यात करायचं असेल तर सामानाचे तीन संच ठेवा आणि प्रत्येक संच ब्लीचच्या पाण्यात बुडवून, खळखळून धुऊन, पंख्याखाली वाळवा. ब्लीचचा वास येत असेल तर ते वापरायच्या लायकीचं नाही.

स्पंजवर जिवाणू नसल्याने अमोनिया लवकर चढतो. रोज मोजा, खाणं थोडं द्या, उरलेलं लगेच काढा.

### मार्ग इ: खारेपणा उतरवणं

पाण्याची सापेक्ष घनता (रिफ्रॅक्टोमीटरवर दिसते ती) १.००९ पर्यंत दोन दिवसांत हळूहळू उतरवायची आणि ३० दिवस तिथेच ठेवायची. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या द्रावणाने आणि आरओ पाण्याने शून्यावर, दोन्हीकडे जुळवलेला हवा. १.०११ वर उपचार होत नाही. एप्रिलमध्ये बाष्पीभवन जोरात असतं, सकाळ-संध्याकाळ मोजावं लागतं. पीएच उतरतो, सोड्याने सावरा. शेवटी खारेपणा पाच-सात दिवसांत चढवायचा. उतरवण्यापेक्षा चढवताना मासे जास्त दगावतात.

मी हा मार्ग पहिला निवडत नाही. व्हेलव्हेटवर तो निरुपयोगी आहे, आणि कमी खारेपणात जगणारे क्रिप्टोकॅरिऑन तैवानमधल्या मत्स्यतळ्यांत ५ पीपीटीलाही सापडले आहेत. तांब्याच्या जोडीला तर हा कधीच नको.

### फ्लूक आणि ब्रुकलिनेलासाठी

फ्लूकवर प्राझिक्वांटेल, लिटरला सुमारे २.५ मिलिग्रॅम, आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा एकदा, कारण अंडी पहिल्या मात्रेत मरत नाहीत. औषधाने पाण्यातला प्राणवायू घटतो, पंप जोरात ठेवा.

ब्रुकलिनेलावर फॉर्मॅलिनची बुडी: ३७ टक्क्यांचं फॉर्मॅलिन १० लिटर पाण्यात १.५ मिली, ३० ते ४५ मिनिटं, पंप पूर्ण चालू. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, मुलांना दूर ठेवा. हे माणसालाही घातक आहे. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती टाकून द्या. बुडीनंतर मासा स्वच्छ, कोश नसलेल्या टाकीत.

> तपासा, रोज: अमोनिया, तापमान, खारेपणा, औषधाची मात्रा, कोण खातंय. पाच आकडे, दोन मिनिटं. पावसात वीज गेली तर बॅटरीचा पंप आधी, बाकी सगळं नंतर.

## टप्पा ७: मोठी टाकी रिकामी ठेवा

मासे बरे करून जुन्या टाकीत सोडणं म्हणजे पुन्हा सुरुवातीला येणं. कोश तिथे वाट पाहत असतात. बहुतेक कोश चार आठवड्यांच्या आत फुटतात, पण ७२ दिवस टिकल्याचंही नोंदलं आहे. म्हणून शेवटचा मासा काढल्यापासून ७६ दिवस एकही मासा नको.

प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी तिथेच राहू द्या. परजीवी त्यांच्यावर जगत नाही. दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाणं टाका, म्हणजे जिवाणू उपाशी मरणार नाहीत. या काळात नवं काही आणू नका. दुकानातून आणलेल्या गोगलगायीच्या कवचावर एक कोश असला तरी ७६ दिवसांची मोजणी नव्याने सुरू होते. किनाऱ्यावरून दगड किंवा प्रवाळाचे तुकडे तर अजिबात उचलू नका; प्रवाळ कायद्याने संरक्षित आहे.

तांब्याचा उपचार ३० दिवसांत संपतो, मग उरलेले दीड महिने मासे कुठे? उपचाराच्या टाकीतच, पण कोळसा लावून आणि पाणी बदलून तांबं काढल्यावर. हे दिवस निरीक्षणाचे आहेत. तांब्याखाली दबलेला रोग असेल तर तो याच काळात डोकं वर काढतो, आणि मोठी टाकी वाचते.

## टप्पा ८: परत सोडणं

७६ दिवस पूर्ण, आणि औषध काढल्यावर किमान दोन आठवडे माशांवर काहीच नाही, या दोन्ही गोष्टी जमल्या की मगच.

खारेपणा जुळवा. मासा जाळीने किंवा डब्याने घ्या आणि उपचाराच्या टाकीचं पाणी मोठ्या टाकीत जाऊ देऊ नका, त्यात तांब्याचा अंश असू शकतो. आधी भित्रे मासे, दोन दिवसांनी दांडगे. ब्लू टँग सगळ्यात शेवटी, कारण तो जागा अडवतो आणि ताण आला की पहिला ठिपका त्याच्यावरच उठतो.

उपचाराची टाकी ब्लीचने धुऊन, वाळवून कोपऱ्यात ठेवा, स्पंज परत संपमध्ये. तांबं लागलेला स्पंज मात्र नाही, नवा घ्या. पुढचा मासा आणाल तो थेट त्या कोपऱ्यातल्या टाकीत जाईल, दुकानदाराने कितीही खात्री दिली तरी.